मेंदूची वेस प्रयोगशाळेत : गावाकडून आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी वाढवण्याचं काम करते. त्यातलं बरंचसं काम मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं. पोळ्याला, दिवाळीला गावी आले की ओट्यावर, शाळेत, दवाखान्याच्या रांगेत तेच ते प्रश्न येतात. विचारणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात कोणी ना कोणी आजारी असतं. बसची वेळ झाली म्हणून त्यांना अर्धवट उत्तर देऊन निघाले की मला दिवसभर रुखरुख लागते. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढलं आहे.

पोरी, तू तिकडं नेमकं करते तरी काय?

मेंदूतल्या अगदी बारीक रक्तवाहिनीची भिंत आम्ही शरीराबाहेर, प्लास्टिकच्या छोट्या साच्यात उभी करतो. ती माणसाच्याच पेशींची असते. तिच्यातून कोणतं औषध पलीकडे जातं, कोणतं अडतं, कोणत्या विषानं ती फाटते, हे तपासतो. या भिंतीला रक्त-मेंदू अडसर म्हणतात.

हा अडसर डोक्यात असतो कुठं? कवटीच्या खाली पडदा असतो तोच का?

नाही. हा गैरसमज खूपजणांचा आहे, माझाही बारावीपर्यंत होता. मेंदूभोवती आवरणं असतात, पण हा अडसर त्यांच्यातला नाही. मेंदूत जितक्या केशवाहिन्या आहेत, त्या प्रत्येकीची भिंत म्हणजे हा अडसर. या केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर लांबी ६०० किलोमीटरच्या घरात जाते. यवतमाळहून पुण्याला जाणारी ट्रॅव्हल्स रात्रभरात जवळपास तेवढंच अंतर कापते. म्हणजे गावाला एक वेस आणि तिथे एक पहारेकरी, असा हा मामला नाही. इथे प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर पहारा आहे.

याचा शोध रंगामुळे लागला. १८८५ मध्ये पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं प्राण्यांच्या रक्तात रंग टोचला. सगळे अवयव रंगले, मेंदू आणि मज्जारज्जू मात्र कोरे राहिले. त्याला वाटलं, मेंदूला रंग धरतच नाही, जसं काही कापडाला धरत नाही. पुढे त्याचाच सहकारी एडविन गोल्डमान यानं १९१३ मध्ये उलटा प्रयोग केला. रंग थेट मेंदूभोवतालच्या द्रवात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकी शरीर कोरं राहिलं. म्हणजे मेंदू रंग धरत होता, मधे काहीतरी अडवत होतं. ते ‘काहीतरी’ डोळ्यांना दिसायला १९६७ उजाडावं लागलं. त्या वर्षी रीस आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की मधून वाटच उरत नाही.

त्या अस्तराला बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशी बिलगलेल्या असतात, आणि त्यांच्याही बाहेरून ॲस्ट्रोसाइट या मेंदूच्या पेशी आपली पावलं टेकवून असतात. तिघींचा संसार एकत्र असेल तरच भिंत मजबूत राहते.

पण भिंत म्हटलं की फक्त अडवणं डोळ्यांसमोर येतं, आणि तिथेच चूक होते. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी २० टक्के तो एकटा वापरतो. त्याला साखर लागते, अमिनो आम्लं लागतात. त्यांच्यासाठी भिंतीत खास दारं आहेत. शिवाय काही पंपही आहेत. नको असलेला पदार्थ पेशीत शिरलाच तर हे पंप त्याला उचलून परत रक्तात फेकतात. यांतला सगळ्यात महत्त्वाचा पंप म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन.

सर्दीच्या काही गोळ्यांनी डोळे मिटतात, काहींनी नाही. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

आहे. जुन्या पद्धतीच्या ॲलर्जीच्या गोळ्या अडसर ओलांडून मेंदूत जातात, म्हणून झोप येते. फेक्सोफेनाडिनसारखी नवी गोळी आत शिरू पाहते तेव्हा तोच पंप तिला बाहेर काढतो. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवणाऱ्यानं सर्दीची गोळी घेताना, झोप न येणारी द्या, असं आवर्जून सांगावं.

फवारणीचं विष मेंदूपर्यंत कसं जातं? अडसर असून अडवत काहून नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि २०१७ नंतर आपल्या जिल्ह्यात तो विचारला जाणारच. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, फवारणी करताना २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, अंगावर साधा सदरा आणि दोन-तीन औषधं एकत्र करून मारलेला फवारा.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली अनेक कीटकनाशकं स्निग्धात विरघळतात. पेशीचं आवरणही स्निग्धाचंच असतं. त्यामुळे ही विषं कातडीतून शिरतात, रक्तात येतात आणि मेंदूच्या अडसरातल्या पेशींच्या आवरणातूनच पलीकडे झिरपतात. दोन पेशींमधला सांधा कितीही घट्ट असला तरी उपयोग होत नाही, कारण ती सांध्यातून जातच नाहीत. नसांचे निरोप नेणारं ॲसिटिलकोलिन हे रसायन मोडणारं विकर ही विषं बंद पाडतात, आणि मग ते साचत जातं. शरीरात त्याची खूण म्हणजे तोंडाला फेस, घाम, बारीक झालेली बाहुली, स्नायूंची थरथर. मेंदूत त्यानं गोंधळ उडतो, झटके येतात आणि श्वासाचं केंद्र मंदावतं.

आता उपचाराकडे बघा, कारण अडसराचं महत्त्व तिथे स्पष्ट दिसतं. दवाखान्यात दोन इंजेक्शनं देतात. ॲट्रोपिन अडसर ओलांडतं, मेंदूत पोचतं. दुसरं, ज्याला सगळे ‘पॅम’ म्हणतात, त्यावर कायमचा विद्युतभार असतो, म्हणून ते मेंदूत फारच कमी जातं. म्हणजे विष पलीकडे आणि त्याचा उतारा बराचसा अलीकडेच. विषाच्या मागोमाग मेंदूत जाईल असा उतारा शोधणं हे आमच्या क्षेत्रातलं खरंखुरं, चालू काम आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अडसर आणि मेंदूच्या पेशी एकाच चिपवर, म्हणजे बारीक नलिका कोरलेल्या छोट्या तुकड्यात, वाढवून त्यावर ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली रसायनं तपासली होती. तो लेख वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या वावराचा धुरा होता.

आमच्या काकाजींना फवारणीनंतर भरती केलं होतं तेव्हा दुसऱ्या रात्री ते बडबडायला लागले, हवेत हात मारायला लागले. घरच्यांना वाटलं, बाहेरचं झालं. कोणी समजावूनही सांगितलं नाही. ॲट्रोपिनचा डोस जास्त झाला की असं होऊ शकतं, कारण ते मेंदूत जातं. असं दिसलं तर लगेच डॉक्टरांना बोलवा, अंगारा आणायला जाऊ नका. आणि फवारताना त्रास झाला तर आधी कपडे काढा, अंग साबणानं भरपूर पाण्यात धुवा, १०८ ला फोन करा, औषधाचा डबा लेबलासकट सोबत न्या. कोणतं विष आहे हे कळलं की डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो.

हे सगळं उंदरावर करून बघता येत नाही का?

करतातच, अनेक वर्षं. पण उंदराचा अडसर म्हणजे माणसाच्या अडसराची छोटी प्रत नव्हे. दारं आणि पंप यांचं प्रमाण दोघांत वेगळं असतं. औषध उंदराच्या मेंदूत छान पोचलं आणि माणसाच्या मेंदूत पोचलंच नाही, हे पुन्हापुन्हा झालं आहे.

आपल्या भागापुरतं सगळ्यात ठसठशीत उदाहरण हिवतापाचं. गडचिरोलीत पिढ्यानपिढ्या ज्या तापानं माणसं नेली, त्यातला डोक्यात जाणारा प्रकार प्लास्मोडियम फाल्सिपॅरम या परजीवीमुळे होतो. हा परजीवी मेंदूच्या आत जात नाही. तो लाल रक्तपेशीत बसतो, ती पेशी चिकट होते आणि मेंदूच्या केशवाहिनीच्या अस्तराला जाऊन चिकटते. वाहिनी तुंबते, भिंत झिरपू लागते, मेंदूला सूज येते. आता गंमत अशी की फाल्सिपॅरम साध्या उंदराला होतच नाही. उंदरांवर दुसराच परजीवी वापरावा लागतो, आणि त्यात मेंदूत घडणाऱ्या गोष्टी बऱ्याच वेगळ्या असतात. म्हणून माणसाच्या पेशींची कृत्रिम रक्तवाहिनी इथे चैन नाही, गरज आहे. २०१९ मध्ये सिएटलच्या संशोधकांनी माणसाच्या मेंदूतल्या पेशींपासून अशा वाहिन्या बनवल्या, त्यांतून परजीवी असलेल्या रक्तपेशी वाहवल्या आणि त्या कोणत्या रेणूंना धरून चिकटतात ते पाहिलं. वाहतं रक्त असताना चिकटणं आणि थांबलेल्या पाण्यात चिकटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरात ओंडका अडकतो ती जागा कोरड्या नाल्यात उभं राहून कळत नाही.

पेशी वाढवता म्हणजे पेरता का? सांगा ना कसं करता.

सातवीतल्या एका मुलानं हे विचारलं. शब्द त्यानं अगदी बरोबर वापरला, आम्हीही पेशी पेरल्या असंच म्हणतो.

सुरुवात बहुतेक वेळा कातडीच्या किंवा रक्ताच्या पेशीपासून होते. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशींवर दाखवलं की मोठी झालेली पेशी चार जनुकांच्या जोरावर पुन्हा मूलपेशी, म्हणजे कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकणारी पेशी, बनवता येते. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. अशा मूलपेशीला ठरावीक क्रमानं ठरावीक रसायनं दिली की ती मेंदूच्या रक्तवाहिनीच्या अस्तराकडे वळते. याला साधारण दोन आठवडे लागतात.

मग ती भांड्यात पेरायची. सगळ्यात साधी पद्धत म्हणजे पेल्यात पेला. आतल्या पेल्याच्या बुडाशी बारीक छिद्रांची पातळ चाळणी असते. चाळणीच्या वर अस्तराच्या पेशी, खाली ॲस्ट्रोसाइट आणि पेरिसाइट. वरची बाजू रक्त, खालची मेंदू. वर औषध टाकायचं आणि खाली किती उतरलं ते मोजायचं. चिप ही याची पुढची पायरी. पेन ड्राइव्हएवढ्या पारदर्शक सिलिकॉनच्या तुकड्यात दोन नलिका कोरलेल्या असतात, आणि वरच्या नलिकेतून द्रव सतत वाहता ठेवतात. पेशींना तो वाहता स्पर्श लागतो. त्यानं त्या आपले सांधे आवळतात. तिसरी पद्धत मला स्वतःला सगळ्यात सुंदर वाटते. तिन्ही प्रकारच्या पेशी मऊ जेलमध्ये मिसळून सोडून द्यायच्या, आणि त्या आपणहून एकमेकींना शोधून पोकळ वाहिन्यांचं जाळं विणतात. ते पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा मी बराच वेळ जागची हलले नव्हते.

इन्क्युबेटरमध्ये ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. त्यांचं पोषक पाणी, म्हणजे मीडियम, ठरल्या वेळी बदलावंच लागतं, सण असो की रविवार. घरी गाय असली की लग्नाला गेलं तरी धारेच्या वेळेला परतावं लागतं, अगदी तसं. आणि हात जरा चुकला, बुरशीचा एक कण पडला, की महिन्याभराचं पीक एका रात्रीत जातं. माझं गेलं आहे. अवकाळीनं गहू आडवा झाल्यावर बाबा बांधावर जसे गप्प बसायचे, तशीच मी त्या सकाळी बसले होते.

पण ती भिंत खरी आहे हे कशावरून?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत आम्ही एकमेकांनाही विचारतो. एक तपासणी विजेची. भिंतीच्या दोन्ही बाजूंना तारा ठेवून विरोध मोजायचा. सांधे जितके घट्ट, तितका विरोध जास्त. जिवंत प्राण्यांच्या मेंदूत तो १,००० ओहम-चौरस सेंटीमीटरच्या पुढे जातो. २००५ मध्ये आलेला पेशींचा एक प्रसिद्ध वाण अजूनही जगभर वापरतात, पण त्यात हा आकडा शंभराच्याही खाली राहतो. दुसरी तपासणी चमकणाऱ्या रंगाची. वर रंग टाकायचा आणि खाली किती झिरपला ते बघायचं. शेवटी एर्लिखच्याच वाटेनं जायचं.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटानं मूलपेशींपासून अशा पेशी बनवायची कृती दिली. विजेचा विरोध भरपूर, सगळ्यांनी ती उचलली. २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्या पेशींची जनुकं बारकाईनं वाचली आणि म्हणाले, या रक्तवाहिनीच्या अस्तरापेक्षा त्वचेच्या किंवा आतड्याच्या अस्तराच्या जवळच्या दिसतात. वाद मोठा झाला. माझं मत असं की दोन्ही बाजूंनी काम पुढेच गेलं. भिंत घट्ट असणं पुरेसं नाही, ती कोणाची आहे हेही बघायला हवं, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. चिपच्या सिलिकॉनचीही अडचण आहे. ते काही स्निग्ध औषधं स्वतःच शोषून घेतं, आणि मग औषध भिंतीनं अडवलं की सिलिकॉननं गिळलं, हे वेगळं करून पाहावं लागतं.

चांदीपुरा म्हणजे आपल्या नागपूरजवळचंच गाव ना? त्या विषाणूवर कोणी काम करतं का?

हो, आपल्याच नागपूर जिल्ह्यातलं. १९६५ मध्ये तापाच्या साथीत तिथल्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू सापडला आणि गावाचं नाव जगभरच्या पुस्तकांत गेलं. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था त्यावर तेव्हापासून काम करते आहे. २००३ मध्ये आंध्रात, २००७ मध्ये नागपूर विभागात आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्यानं लहान मुलांचे जीव घेतले. तो वाळूमाशीतून पसरतो. मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्याचा ओला कोपरा या तिच्या जागा. सकाळी खेळणारं लेकरू संध्याकाळी तापतं, ओकतं, झटके येतात, आणि एक-दोन दिवसांत बेशुद्ध पडतं. त्यावर लस नाही, नेमकं औषध नाही.

मला या सगळ्या पानावर एकच गोष्ट ठासून सांगायची असेल तर ती ही. परदेशातल्या प्रयोगशाळा आपापल्या म्हाताऱ्यांच्या विसराळूपणावर या चिप वापरतात, आणि ते योग्यच आहे. पण रक्तातून लेकराच्या मेंदूत शिरणारा विषाणू अडसर कुठे आणि कसा ओलांडतो, अडसर फुटण्याआधी त्याला सावरता येईल का, हे प्रश्न चांदीपुऱ्यासाठी माणसाच्या पेशींवर आपणच विचारले पाहिजेत. ज्याचं वावर त्यानंच जागल करायची असते. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारनं नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून अशा चिप आणि पेशींवरच्या चाचण्यांना जागा दिली आहे. अमेरिकेनं डिसेंबर २०२२ मध्ये तसाच कायदा केला. दार उघडं आहे, आत जायला आपण हवे.

तोवर भिंतीच्या भेगा लिंपा, गोठा कोरडा ठेवा, लेकरांना मच्छरदाणीत झोपवा, आणि तापात झटका आला तर रात्र काढू नका.

बाबांना कंपवात आहे. डॉक्टर म्हणाले डाळ आणि गोळी एकत्र नको. डाळीनं काय होते?

कंपवातात मेंदूत डोपामिन कमी पडतं. डोपामिन तोंडावाटे किंवा शिरेतून दिलं तरी अडसर त्याला आत घेत नाही. म्हणून त्याच्या आधीची पायरी, लेव्होडोपा, देतात. ते अमिनो आम्लासारखं दिसतं, म्हणून अमिनो आम्लांच्या दारातून आत जातं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. डाळ, दूध, अंडी यांतूनही अमिनो आम्लंच येतात, आणि त्याच दारावर गर्दी होते. मग गोळी मागे राहते. डाळ सोडायची गरज नाही, गोळी आणि जेवण यांत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरं आहे. पण बियांत ते किती हे प्रत्येक वेळी वेगळं असतं, म्हणून गोळी सुरू असताना मनानं चूर्ण सुरू करू नका.

मेंदूच्या टीबीला इतके महिने औषध काहून? *(आशाताईंचा प्रश्न)*

एक कारण हेच. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड अडसर चांगलं ओलांडतात, रिफाम्पिसिन मात्र थोडंच पोचतं. म्हणून उपचार वर्षभर चालतो. बरं वाटलं तरी मधे सोडू देऊ नका.

मूलपेशींनी माझं लेकरू बरं होईल का? एका ठिकाणी लाखांत खर्च सांगितला, वावर विकायची तयारी आहे.

ताई, वावर विकू नका.

आम्ही ज्या मूलपेशी वापरतो त्या औषध तपासायला, कोणाच्या अंगात सोडायला नाही. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम यांसाठी पैसे घेऊन मूलपेशींची इंजेक्शनं देणं हा मान्य उपचार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसारखे मोजके मान्य उपचार सोडले, तर मूलपेशी फक्त मंजूर झालेल्या चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. कोणी लाखांचा आकडा सांगितला की तिथेच समजा. फिजिओथेरपी चालू ठेवा. ती हळू आहे, पण तिचा उपयोग होतो.

मग रुग्णाच्या पेशी घेऊन फायदा काय?

आजार नेमका कुठे आहे ते कळतं. मुलग्यांमध्ये होणारा एक दुर्मीळ आजार आहे, त्यात रक्तात थायरॉइडचं संप्रेरक असूनही मेंदू उपाशी राहतो. २०१७ मध्ये संशोधकांनी अशा रुग्णांच्या पेशींपासून अडसर बनवला आणि दाखवलं की खोट त्या भिंतीतल्या दारातच आहे, संप्रेरक पलीकडे जातच नाही. तिथून पुढे, त्या दाराला वळसा घालणारं औषध शोधता येतं.

भांड्यातल्या पेशी विचार करतात का? त्यांना दुखतं का?

नाही. ती रक्तवाहिनीची भिंत आहे. आणि पेशी देणाऱ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय आम्ही कोणाच्याही पेशी वापरत नाही.

मी बारावीला आहे, मराठी माध्यम. हे काम मला जमेल का?

जमेल. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतलीच. बायोटेक्नॉलॉजी, सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र यांतली कोणतीही बी.एस्सी. चालते. नागपूर, अमरावती, गडचिरोली या तिन्ही विद्यापीठांखाली हे विषय आहेत. चिप बनवायला तर मेकॅनिकलवालेही लागतात. इंग्रजी वाचताना सुरुवातीला अडखळशील, वर्षभरात सवय होते. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, पुण्यातल्या बऱ्याच संस्था सगळ्यांसाठी उघड्या असतात. आदल्या रात्रीच्या गाडीनं ये. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी एकदा स्वतः बघ आणि मग अर्ज भर.